अण्णांचा क्रॅश कोर्स

१४ जुलै, सोमवार

आजपासून रोजनिशी. मोठे संशोधक रोज लिहितात म्हणे. मला ही सवय एक्कावन्नाव्या वर्षी लागून राहिली, पण संशोधनाला वय नसतं.

निमित्त असं की बेंगळुरूच्या एका संस्थेनं वृद्धत्व आणि स्मृतिभ्रंश या विषयावर सहयोगी संशोधनाला निधी जाहीर केलाय. अटी वाचल्या आणि अंगावर काटा आला. दोन जिल्ह्यांतल्या संस्था हव्यात, एक डॉक्टर हवा, अभ्यास खेड्यापाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांचा हवा. म्हणजे जाहिरात माझ्यासाठीच काढलीय, फक्त नाव टाकायचं राहिलंय. मी प्राणिशास्त्राचा प्राध्यापक. कॉलेजात लागायच्या आधी पंधरा वर्षं लातुरात मेडिकल प्रवेश परीक्षेच्या क्लासला बायोलॉजी शिकवली. मेंदूचा चॅप्टर झोपेतही सांगेन. आणि म्हाताऱ्यांची आपल्याकडे काय टंचाई? पोरं पुण्याला गेली, म्हातारे इथंच राहिले.

संकल्प: रोज पहाटे पाचला उठून प्रपोजल. चहा दिवसातून दोनदाच. रील बघणं कायमचं बंद.

१५ जुलै

उठलो साडेसातला. अलार्म शीलानं बंद केला असावा. ती म्हणते, तुम्हीच हात आपटून बंद केला. पुराव्याअभावी विषय सोडला.

पुढंमागं कुणी माझं चरित्र लिहायला घेतलं तर सोपं जावं म्हणून नोंद करून ठेवतो. मी: प्रा. हनुमंत. शीला: पत्नी, घरी शिवणकाम करते. अण्णा: वडील, सटवाजी, वय अठ्ठ्याहत्तर, एसटीचे निवृत्त कंडक्टर, मुखेड डेपो. आई नागाबाई दोन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून अण्णा आमच्याकडे लातूरला. तब्येत ठणठणीत. बुद्धी कंडक्टरची, म्हणजे विचारायलाच नको.

१९ जुलै, शनिवार

नांदेडला जाऊन डॉ. सालेहा मॅडमना भेटलो. मेंदूच्या आजारांच्या डॉक्टर. माहेरचं तिथल्या इतवारा पेठेत कापडाचं जुनं दुकान, पण बोलण्यात दुकानदारी अजिबात नाही. सहयोगाला लगेच हो म्हणाल्या. मग म्हणाल्या, सर, म्हातारपणी विसरायला झालं की सगळे म्हणतात वय झालं, आणि इथंच घोटाळा होतो. कुणाचं थायरॉइड असतं, कुणाचं व्हिटॅमिन कमी असतं, ते औषधानं सुधारतं. ज्यांचं सुधारत नाही त्यांनाही लवकर आणलं तर घरच्यांना सांभाळायला शिकवता येतं. उशीर झाला की पेशंट पण घाबरतो आणि घर पण घाबरतं.

फार सुंदर वाक्य. प्रस्तावनेत टाकायचं.

निघताना विचारलं, तुमच्या घरी कुणी वयस्कर आहे का? म्हणालो, वडील आहेत, एकदम फिट. नमुना म्हणून दाखवावेत असे.

एसटीत खिडकीजवळ बसून प्रपोजलचा आराखडा करणार होतो. झोप लागली. उतरताना छत्री विसरली.

२७ जुलै, रविवार

शीलाची तक्रार. अण्णांनी चहा करायला गॅस लावला आणि अंगणात जाऊन बसले. पातेलं काळं ठिक्कर. परवा म्हणे चौकात उभे राहून लोकांना विचारत होते, मुखेडची गाडी लागली का? ती म्हणते, मला भ्या वाटून राहिलं, नांदेडच्या मॅडमला दाखवून आणू.

तिला समजावलं. गॅस: माणूस आयुष्यभर बायकोच्या हातचा चहा प्याला, त्याला गॅसचं काय ठाऊक? चौक: नोकरीची ओढ. याला इंग्रजीत नॉस्टॅल्जिया म्हणतात. शीला म्हणाली, तुमच्या इंग्रजीनं पातेलं घासून निघतंय का? शिक्षणाचा अभाव.

मनात एक विचार आला, लिहून ठेवतो. माझ्याच घरात पेशंट निघाला तर बेंगळुरूचे लोक काय म्हणतील? ज्याला स्वतःच्या बापाचं कळत नाही तो जिल्ह्याचं काय सांगणार? पण पेशंट नाहीच, त्यामुळं हा विचार गैरलागू.

३ ऑगस्ट, रविवार

सालेहा मॅडमनी स्मरणशक्तीची चाचणी पाठवली. तीस मार्कांची, मराठीत. सोबत लिहिलंय, ही घरी कुणावर करून बघू नका, प्रश्न आधी कळले तर चाचणीला अर्थ राहत नाही. बायकांना पेपरची उगाच भीती असते. दुपारी अण्णांवर करून बघितली. सहज.

आज तारीख काय? म्हणाले, कॅलेंडर तिकडं हाय की. जिल्हा कोणता? नांदेड म्हणाले. माणूस जन्मला नांदेड जिल्ह्यात, म्हणजे निदान अर्धा मार्क द्यायला हरकत नव्हती. शंभरातून सात गेले, किती राहिले? म्हणाले, सुट्टे द्या. तीन शब्द सांगितले, लिंबू, किल्ली, घोंगडी. थोड्या वेळानं विचारले तर म्हणाले, कोण घेऊन गेलं?

तीसपैकी तेरा.

रात्री जेवण गेलं नाही. भाजीत मीठ जास्त होतं.

४ ऑगस्ट

सकाळी दाढी करताना उलगडा झाला. अण्णांना आजार नाही. अण्णांची तयारी नाही!

क्लासला अशी किती पोरं आली. पहिल्या टेस्टला निम्मेही मार्क नाहीत, आई-बाप रडकुंडीला. दोन वर्षांत डॉक्टर. आपण काय केलं? तोच पेपर पुन्हा पुन्हा सोडवून घेतला, दर रविवारी टेस्ट घेतली, चुकेल तिथं उभं केलं. अख्खा महाराष्ट्र लातूर पॅटर्न म्हणून ज्याला मानतो ते हेच. जे पोरांना जमतं ते पोरांच्या आज्याला का जमू नये? मेंदू तो मेंदूच.

उद्यापासून अण्णांचा क्रॅश कोर्स. सकाळी तास, संध्याकाळी रिव्हिजन, रविवारी टेस्ट. शीलाला सांगितलं तर ती माझ्याकडं बघतच राहिली. भारावली असावी.

१० ऑगस्ट, रविवार

सोळा. प्रगती आहे.

प्रपोजल: मुखपृष्ठ तयार. माझ्या नावापुढं प्रमुख संशोधक लिहून प्रिंट काढली. छान दिसतं.

१७ ऑगस्ट, रविवार

एकोणीस. लातूर जिल्हा पक्का झाला. शंभर, त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर हे पाढ्यासारखं म्हणवून घेतलं, आता अण्णा झोपेतही बडबडतात. तीन शब्दांना अजून वेळ लागतो. लिंबू येतं, किल्ली येते, घोंगडीला अडतात. आज जरा आवाज चढला माझा. अण्णांनी दोन्ही हातांनी कान धरले. विनोदी स्वभाव पहिल्यापासूनच.

सालेहा मॅडमचा फोन. त्यांच्या भागाचं लिहून झालं, माझ्या भागाचं काय? सांगितलं, फिल्डवर्क जोरात चालू आहे.

५ सप्टेंबर, शुक्रवार. शिक्षक दिन

आज एक गोष्ट झाली. सकाळी तासाला बसलो तर अण्णा अंघोळ करून, टोपी घालून तयार. हातात अंगणातलं जास्वंदीचं फूल. माझ्यासमोर ठेवलं आणि खाली वाकून माझ्या पायाला हात लावायला गेले. शीला शिवणयंत्रावरून उठून धावली, त्यांना वर उठवलं आणि पदर तोंडाला लावून आत गेली. अण्णा म्हणाले, बाई का रडू लागल्या, सर?

बापानं पोराच्या पाया पडायचं म्हणजे ऐकायला बरं वाटत नाही. पण शांतपणे विचार केला. अण्णांनी कॉलेजच्या कार्यक्रमांचे फोटो पाहिलेत, शिक्षक दिनाचं महत्त्व त्यांना ठाऊक आहे. दिनविशेष लक्षात राहणं हे तर स्मरणशक्तीचं लक्षण! मला सर म्हणतात कारण सगळं लातूर मला सर म्हणतं. अभिमान आहे त्यांना.

फूल पुस्तकात ठेवणार होतो. कुठं ठेवलं सापडेना.

१४ सप्टेंबर, रविवार

धक्कादायक प्रकार. आज अण्णांना चोवीस पडले. मी पेढा द्यायला हात पुढं केला तर त्यांच्या तळहातावर बॉलपेननं काहीतरी लिहिलेलं. कॉपी! माझ्या घरात, माझा विद्यार्थी, आय मीन माझे वडील! अक्षर थरथरतं, पण वाचता आलं. लातूर. लिंबू किल्ली घोंगडी. आणि अंगठ्याच्या बाजूला, जरा मोठ्या अक्षरात, शीला.

फार लागलं मनाला. पोरांना मी सांगत आलो, नापास व्हा पण कॉपी करू नका. अण्णांना तेच सांगितलं, जरा कडक शब्दांत. ते खाली मान घालून उभे. आणि शीला कशासाठी लिहायचं? हा प्रश्न सिलॅबसमध्येच नाही. उगाच जागा वाया.

शीलाला हात दाखवला तर तिनं तो हात दोन्ही हातांत धरून ठेवला, सोडेचना. म्हणाली, अहो, हे रोज सकाळी उठून माझं नाव पाठ करून राहिलेत, तुम्हाला एवढं पण कळंना का? मी म्हणालो, कळतंय, पण मार्कांच्या दृष्टीनं उपयोग नाही. त्यावर ती माझ्याशी बोलली नाही. अजून बोलत नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन

झेंडावंदनानंतर कॉलेजात सामंजस्य करार. प्राचार्य महादेवप्पा म्हणाले, मोठा दिवस आहे, मोठं काम आजच करून टाकू. नांदेडहून सालेहा मॅडम आल्या. प्राचार्यांनी मॅडमना शाल-श्रीफळ दिलं, मॅडमनी प्राचार्यांना, प्राचार्यांनी मला, मी परत प्राचार्यांना. प्रास्ताविक माझं. त्यात पंधरा वर्षांच्या क्लासचा इतिहास आला, त्यामुळं सह्या करायला वेळ कमी पडला. करारात कुणाचं नाव आधी, लातूर की नांदेड, यावर प्राचार्य अडून बसले. मॅडम म्हणाल्या, लातूर लिहा, काही बिघडत नाही. माझ्याच मनासारखं झालं.

चहाच्या वेळी मॅडमनी बाजूला घेऊन विचारलं, सर, घरून फोन आला होता मला, वडिलांचं काय चाललंय? शीलानं परस्पर फोन केलेला. मॅडमना हसत हसत सांगितलं, अहो गेल्या आठवड्यात चोवीस पडले त्यांना. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, पडले म्हणजे? तुम्ही किती वेळा घेतली चाचणी? तेवढ्यात फोटोला बोलावलं. देवच धावला म्हणायचा.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

अण्णांचे जुने ड्रायव्हर पाशामियाँ सोनं द्यायला मुखेडहून आले. नोकरीत दोघांची जोडी होती, एक गाडी हाकायचा, दुसरा बेल मारायचा. दसऱ्याला सोनं आणि ईदला शीरखुर्मा, इतकी वर्षं चुकलेलं नाही.

अण्णांनी त्यांना ओळखलं! पाशा म्हणून गळ्यात पडले. मी शीलाकडं विजयी मुद्रेनं पाहिलं. मग अण्णांनी विचारलं, भाभी कशी हाय? पाशामियाँनी अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, सटवा, वो तो गुजर गई रे पिछले साल, तू आया था ना मिट्टी को. अण्णा लहान पोरासारखं रडले. चहा आला. चहा पिता पिता अण्णांनी विचारलं, भाभी कशी हाय? पाशामियाँनी पुन्हा सांगितलं. अण्णा पुन्हा तसेच रडले, पहिल्यांदाच ऐकल्यासारखे. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा पाशामियाँ म्हणाले, बरी है, सलाम बोली है तेरे कू. आणि डोळे पुसत उठले.

दारात माझा हात धरून म्हणाले, बेटा, तू तो बडा प्रोफेसर है, कुछ कर इसका. मी म्हणालो, चाचा, चालूच आहे, परवा सव्वीस पडले.

अण्णांचं मन हळवं आहे, बस्स. दुसऱ्याचं दुःख कळणं हे निरोगी मेंदूचं लक्षण. मला मात्र आज कसंतरीच होऊन राहिलं. जेवणात पुरणपोळी जास्त झाली.

६ ऑक्टोबर

प्रपोजल पाठवलं. शेवटच्या दिवशी, साईट हँग झालेली असताना. लिखाण बरंचसं मॅडमचं, पण मुखपृष्ठ माझं. फॉर्मात एक रकाना होता: चमूत कुणाच्या घरी स्मृतिभ्रंशाची व्यक्ती आहे का, असल्यास तपशील द्या. हातांनी आपोआप लिहिलं, लागू नाही. पान उलटलं.

२० ऑक्टोबर, सोमवार. नरक चतुर्दशी

अण्णा हरवले होते.

पहाटे अभ्यंगस्नानाला हाक मारली तर खाटेवर नाहीत. दार उघडं. शीला एकीकडं पळाली, मी दुसरीकडं. सगळीकडं फटाके, कुणाला हाक ऐकू जाईना. मी जुन्या स्टँडवर गेलो, नव्या स्टँडवर गेलो, गाडीगाडीत चढून बघितलं. एका गाडीत तसाच एक म्हातारा बसलेला, पांढरी टोपी, मी खांदा धरून वळवला तर दुसराच कुणी. त्याला काय म्हणालो आठवत नाही.

शेवटी फोन आला वीसेक किलोमीटरवरच्या रेणापूरच्या स्टँडवरून. एका कंडक्टरनं अण्णांच्या खिशातल्या कार्डावरून केलेला. ते कार्ड शीलानं कधी ठेवलं मला माहीत नव्हतं. गेलो तर अण्णा बाकावर अनवाणी बसलेले, पाय चिखलानं भरलेले. मला बघून उभे राहिले आणि म्हणाले, सर, आज सुट्टी न्हाई का?

रिक्षातून येताना त्यांचा हात धरून बसलो होतो. घर येईपर्यंत सोडला नाही. सकाळचा गारवा होता.

सायंकाळ. आता डोकं शांत आहे. पंचाहत्तरीच्या पुढं एसटीचा प्रवास फुकट आहे. अण्णांनी सरकारी योजनेचा लाभ घेतला, एवढंच. हरवलेला माणूस बरोबर स्टँडवर कसा सापडेल?

शीलाला हे सांगितलं. ती म्हणाली, भाऊबीज झाली की मी त्यांना नांदेडला नेऊन राहिले, तुम्ही या नाहीतर नका येऊ. तिला हात जोडले. खरंच जोडले. नोव्हेंबरात बेंगळुरूचे तज्ज्ञ लातूरला येणार आहेत, त्यांच्यापुढं चाचणीचं प्रात्यक्षिक आहे, आणि निरोगी नमुना म्हणून मी अण्णांचं नाव दिलंय. एवढं होऊ दे. नंतर दुसऱ्याच दिवशी नेऊ. तिनं हातातला लाडू ताटात ठेवला. मग म्हणाली, तुम्हाला त्यांना बरं करायचंय का पास करायचंय?

दोन्ही एकच, म्हणालो. तिनं लाडवाचं ताट उचलून आत नेलं.

९ नोव्हेंबर, रविवार

तीस. तीसपैकी तीस!! सगळं न अडखळता, एका दमात. मी अण्णांना मिठीच मारली. त्यांनी अंग चोरलं, पण हसले. इतक्या वर्षांत माझ्या क्लासच्या कुठल्याही पोराला पैकीच्या पैकी पडले नव्हते.

स्मृतिभ्रंशावर औषध नाही असं जगभर समजतात. हा निकाल बघता पेपर लिहायला हवा. पेटंट मिळतं का ते विचारायचं.

शीला: काल रात्री त्यांनी मला विचारलं, नागाबाई कुठं गेली, जेवायला का बोलवत न्हाई? हे चाचणीत येत नाही, म्हणालो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

तज्ज्ञ आज येणार होते. विमान रद्द झालं, उद्या येतील. काही हरकत नाही. चार दिवस अण्णांकडून आजची तारीख घोटून घेतली होती, अठरा नोव्हेंबर, मंगळवार. रात्री एकोणीस आणि बुधवार सांगून बघितलं. अण्णा गोंधळले, घाम फुटला त्यांना. सकाळी बघू म्हटलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

लिहावंसं वाटत नाही. संशोधकानं लिहायला पाहिजे म्हणून लिहितो.

सभागृहात फुलं, बॅनर, सालेहा मॅडम, प्राचार्य. तीन तज्ज्ञ आले. प्रमुख डॉ. बसम्मा, बिदरकडच्या, मराठी कानडी हेल काढून पण साफ बोलतात. अण्णा इस्त्रीचं धोतर नेसून पहिल्या रांगेत. शीला त्यांच्याशेजारी. माझं प्रेझेंटेशन उत्तम झालं. मग मी म्हणालो, आता प्रात्यक्षिक.

बसम्मा मॅडमनी कागद घेतला, चष्मा लावला आणि नमस्कार आजोबा म्हणाल्या. तेवढ्यावर अण्णा ताडकन उठले. हाताची घडी घातली आणि सुरू झाले. अठरा नोव्हेंबर, मंगळवार, हिवाळा, लातूर, महाराष्ट्र, लिंबू, किल्ली, घोंगडी, शंभर, त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, घड्याळ, पेन, लिंबू, किल्ली, घोंगडी. आणि खाली बसले. अजून एकही प्रश्न विचारलेला नव्हता.

मागून कुणीतरी टाळी वाजवली. मला वाटतं प्राचार्य असावेत.

मॅडमनी डोळ्यावरचा चष्मा काढून विचारलं, आजोबा, हे काय आहे? अण्णा म्हणाले, लिंबू. त्यांनी पेन दाखवलं. अण्णांनी माझ्याकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, किल्ली. मॅडमनी कागद उलटा ठेवला. त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसून म्हणाल्या, राहू द्या आजोबा, जेवलात का तुम्ही?

अण्णा पुष्कळ वेळ विचार करत होते. मग मला म्हणाले, सर, हा प्रश्न आपल्यात होता का?

अण्णांनी सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं, कान धरले आणि उठाबशा काढायला लागले. भर सभागृहात, धोतर सावरत. मी त्यांना उठाबशा कधीच सांगितल्या नव्हत्या. एकदाच, तेही गमतीनं. शीला त्यांना धरून, पोटाशी घेऊन बाहेर गेली. ते म्हणत होते, अजून पाच राहिल्या, बाई.

मी पुढची स्लाईड लावली. का लावली माहीत नाही.

२० नोव्हेंबर

मुद्देसूद विचार केला. तज्ज्ञांनी प्रश्नांचा क्रम बदलला. जेवलात का हा प्रश्न सरळसरळ आउट ऑफ सिलॅबस. चष्मा तर चाचणीत नाहीच. नीटला असं झालं असतं तर पालक कोर्टात गेले असते. आक्षेप नोंदवावा का? प्राचार्य मला म्हणाले, हनुमंतराव, त्यांना शाल दिली ना, झालं आता, घरी जा.

दुसऱ्याच दिवशी नेऊ असं शीलाला म्हणालो होतो. पण अण्णांना ताप आहे. शिवाय निकाल आधी लागू दे. शीलानं ऐकून घेतलं. तिनं फोन करून स्वतःच तारीख घेतली.

आज सकाळी तासाच्या वेळेला अण्णा आले आणि दारात उभे राहिले, आत येऊ का म्हणून. मी म्हणालो, आज सुट्टी. तसेच उभे राहिले.

८ डिसेंबर, सोमवार

निकाल लागला. निधी मंजूर! नांदेडला. प्रमुख संशोधक डॉ. सालेहा.

लातूरचं नावही आहे. घरी आजारी माणसाला सांभाळणारी व्यक्ती सल्लागार म्हणून चमूत हवी, अशी त्यांची अट होती म्हणे. तोच तो रकाना. अशा घरांना प्राधान्य होतं. बसम्मा मॅडमनी फोनवर सांगितलं, सर, तुम्ही लागू नाही लिहिलं, नाहीतर आम्ही तुम्हाला पहिल्या दिवशीच घेतलं असतं. तुमच्या मिसेसना मात्र घेतोय, त्यांना पुष्कळ कळतं.

शीलाला मीटिंगचं निमंत्रण आलंय. खाली लिहिलंय, सोबत येणाऱ्याच्या जेवणाची सोय केली जाईल. सोबत येणारा म्हणजे मी.

अभिनंदन केलं तिचं. ती म्हणाली, मला मीटिंग नको, मला शनिवारी नांदेडला तुम्ही सोबत पाहिजेत. अण्णांना एकटीला धरून एसटीत चढवणं होत नाही आता.

संकल्प: जायचं. डॉक्टरांना अण्णांची शैक्षणिक प्रगती नीट समजावून सांगायची.

१३ डिसेंबर, शनिवार. नांदेड

काही समजावून सांगितलं नाही. सालेहा मॅडम दोन वाक्यांतच म्हणाल्या, सर, तुम्ही जरा बसा. रक्ताच्या तपासण्या घेतल्या, मेंदूचा फोटो काढायचाय. शीलाला विचारत होत्या, कधीपासून, रात्री काय करतात, चालताना तोल जातो का. शीला सगळं सांगत होती. मला त्यातलं निम्मं ठाऊक नव्हतं, आणि आम्ही एकाच घरात राहतो. मॅडम म्हणाल्या, जुलैमध्ये आणलं असतं तर बरं झालं असतं, असो, आजपासून करू. माझ्याकडं बघून म्हणाल्या नाहीत. तेवढी माणुसकी आहे त्यांच्यात.

मग अण्णांशी गप्पा मारत बसल्या. कागद नाही, पेन नाही. आजोबा, सोबत कोण आलंय?

अण्णा म्हणाले, ह्या बाई. लई जीव लावतेत मला. आणि हे आमचे सर.

मी मान खाली घातली. अण्णांना वाटलं मी रागावलो. ते मॅडमकडं वाकून बोलायला लागले, हळू बोलतोय असं त्यांना वाटत होतं, पण सगळं ऐकू येत होतं. म्हणाले, डॉक्टरबाई, म्या नापास झालो. लई अभ्यास केला पण न्हाई जमलं. माझा हनुमंत लातूरला प्रोफेसर हाय, मोठा माणूस हाय. त्याला कळलं तर त्याला वाईट वाटंल. सरांना सांगा, हनुमंताला सांगू नका म्हणावं.

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. अण्णांनी पण बघितलं, हात जोडून.

नाही सांगणार, म्हणालो.